उद्याच्या गावचे पाणी

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शिरताना पाहणाऱ्याची नजर आधी ओसरीच्या भिंतींवर खिळते. तिथे माणसे, घोडे, हत्ती, अप्सरा यांची एवढी दाटी आहे की दाराच्या माथ्याकडे लक्ष जायला वेळ लागतो. चौकटीच्या वर ओळीने आठ आकृत्या बसलेल्या आहेत. सात आकृत्या होऊन गेलेल्या बुद्धांच्या: विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी गौतम. आठवी आकृती वेगळी दिसते. तिच्या अंगावर भिक्षूचे चीवर नसून राजपुत्राचे अलंकार आहेत. तो मैत्रेय. तो अजून यायचा आहे.

हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले. त्याच्या एका मांडलिक राजाने ते कोरवून घेतले. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी, एका चित्रकारावर भविष्यकाळ रंगवण्याची वेळ आली आणि त्याने तो दारावर रंगवला. आत जाणाऱ्याला त्याच्या खालूनच जावे लागते.

या लेण्याचा शिलालेखही वाचण्यासारखा आहे. राजाने त्यात मंडपाची थोरवी गायली आहे आणि तेवढ्याच अभिमानाने शेजारी खोदवलेल्या पाण्याच्या टाक्याचेही वर्णन केले आहे: पाणी गोड, हलके, स्वच्छ, थंड आणि भरपूर. पाणी ‘हलके’ की ‘जड’ हे आजही मराठवाड्यातली बाई एका घोटात सांगते. त्या राजाच्या कवीलाही हा शब्द महत्त्वाचा वाटला.

दारावर उद्याचे जग आणि पलीकडे पाण्याचे टाके. या मुलखात भविष्याची जी जी स्वप्ने पाहिली गेली, त्यांतल्या बहुतेकांत ही जोडी कुठे ना कुठे सापडते. धान्याचे कोठार, पाण्याचा हौद, आणि त्या हौदाला कोणाचा हात लागायचा हा प्रश्न. मराठी माणसाच्या आदर्श राज्यांचा हा इतिहास याच तीन खुणांच्या आधाराने वाचायला हवा.

मैत्रेयाच्या काळाचे वर्णन दीघनिकायातल्या ‘चक्कवत्ति-सीहनाद’ सुत्तात आहे. तेव्हा माणसाचे आयुष्य 80,000 वर्षांचे असेल. मुली 500 व्या वर्षी लग्नाच्या होतील. रोग तीनच उरतील: इच्छा, भूक आणि म्हातारपण. गावे एकमेकांना इतकी लागून असतील की कोंबड्याने एका गावातून उडावे आणि दुसऱ्यात उतरावे. वाराणसीच्या जागी केतुमती नावाची भरलेली, गजबजलेली नगरी असेल. सुदूर भविष्यातल्या सुखी जगाचे याच्याइतके जुने आणि याच्याइतके नेमके चित्र भारतात शोधूनही फारसे मिळणार नाही.

पण सुत्ताची खरी ताकद या चित्राच्या आधी सांगितलेल्या गोष्टीत आहे. पूर्वीही माणसे 80,000 वर्षे जगत होती. मग एका राजाने एक काम करायचे सोडले: गरजवंतांना धन देणे. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली. राजाने पकडलेल्या चोराला मदत केली, तर मदत मिळावी म्हणून इतर लोक चोरी करू लागले. राजाने मग शिरच्छेद सुरू केले, तेव्हा चोरांनीही शस्त्रे घेतली. चोरीतून खून, खुनातून खोटे बोलणे. पिढ्यांमागून पिढ्या आयुष्य घटत जाते आणि शेवटी 10 वर्षांवर येते. तूप, तेल, मध, गूळ, मीठ यांच्या चवी नाहीशा होतात. ‘चांगले’ या अर्थाचा शब्दही भाषेत उरत नाही. सात दिवस माणसे एकमेकांना श्वापद समजून कापतात. काही जण मात्र रानात, कपारींत, नदीच्या घळींत लपून राहतात. आठव्या दिवशी ते बाहेर येतात, एकमेकांना मिठी मारतात आणि म्हणतात की तू जिवंत आहेस! आता आपण कोणाचा जीव घ्यायचा नाही. त्या निश्चयासरशी पुढच्या पिढीचे आयुष्य दुप्पट होते आणि तिथून माणूस पुन्हा वर चढू लागतो.

सगळी पडझड वाटपातल्या एका चुकीने सुरू होते आणि तिचा शेवट लपलेल्या माणसांच्या एका ठरावाने होतो. आभाळातून कोणी उतरून जग सावरत नाही. मैत्रेय येतो तो जग सावरल्यानंतर.

पुराणांचा हिशेब याहून निराळा. सत्ययुग मागे पडले, आता 4,32,000 वर्षांचे कलियुग चालू आहे आणि काळ उतरणीला लागला आहे. अशा हिशेबात चांगले दिवस मागेच राहतात आणि पुढे वाट पाहावी असे थोडेच उरते. तरीही याच समाजात बलिप्रतिपदेला ओवाळताना बायका म्हणत आल्या: ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.’ ज्या राजाला वामनाने पाताळात घातले, त्याचे राज्य परत यावे ही मागणी पुराणाच्या निकालाविरुद्ध जाते. हे वाक्य कोणा पंडिताने रचलेले नाही. ते तबकातल्या निरांजनाबरोबर आईकडून लेकीकडे आले आणि त्यातले क्रियापद भविष्याकडे तोंड करून आहे: येवो. मराठीतले सर्वांत जास्त वेळा उच्चारले गेलेले भविष्याचे स्वप्न बहुधा हेच असेल.

गोदाकाठच्या पैठणजवळच्या आपेगावची भावंडेही याच मुलखातली. वाळीत टाकलेल्या घरातली ही मुले शुद्धिपत्र मागायला पैठणच्या धर्मपंडितांकडे गेली, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यांतल्या ज्ञानेश्वरांनी 1290 साली नेवाशाला गीतेवरची टीका पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितले. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. जीवमात्रांत मैत्री व्हावी आणि ज्याला जे हवे ते मिळावे, असे त्यांचे मागणे आहे. ज्याच्या घराला गावाने दार बंद केले, त्याने अख्ख्या विश्वासाठी असे मागावे, यातच त्या मागण्याचे वजन आहे.

त्यानंतर चाळीसएक वर्षांनी पैठणपासून फार लांब नसलेल्या देवगिरीवर एक वेगळे स्वप्न येऊन आदळले. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणायची ठरवली आणि गावाला दौलताबाद असे भरभराटीचे नाव दिले. साम्राज्याच्या मध्यावर राजधानी असावी, हा विचार नकाशावर चुकीचा नव्हता. पण शहर हुकमाने उठवून हुकमाने वसवता येते, ही समजूत काही वर्षांतच मोडली आणि राजधानी पुन्हा दिल्लीला गेली. माणसांना न विचारता त्यांच्यासाठी आखलेल्या उद्याचे दौलताबाद हे या मातीतले पहिले मोठे उदाहरण.

त्याच परिसरात पावणेतीनशे वर्षांनी आणखी एकाने शहर वसवायला घेतले. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला पोहोचला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. 1610 साली त्याने खाम नदीच्या काठी खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. नावाप्रमाणेच जागा खडकाळ होती. अंबरने भडकल दरवाजा बांधला, महाल बांधला, पण शहराला शहरपण आले ते नहर-ए-अंबरीमुळे. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पोटात झिरपलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीत गोळा करायचे आणि निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, अशी ही योजना. वाटेत जागोजागी उंच मनोरे उभारले. नळातले पाणी मनोऱ्यात वर चढते, कोंडलेली हवा आणि दाब मोकळा होतो आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे जाते. पुढे हौद आणि कारंजी. मोट नाही, बैल नाही, पंप तर नाहीच.

त्या काळात युरोपात आदर्श राज्ये पुस्तकांत वसवली जात होती. थॉमस मोरचे ‘युटोपिया’ 1516 चे. त्यात सोने क्षुद्र मानणारे, सगळे सामाईक ठेवणारे बेट आहे. फ्रान्सिस बेकनचे ‘न्यू अटलांटिस’ 1627 साली छापले गेले. त्यात विद्वानांचे एक मंडळ निसर्गाचे नियम शोधून माणसांचे जगणे सुखाचे करते. त्याच्या आदल्याच वर्षी, 1626 मध्ये, मलिक अंबर वारला होता. बेकनचे बेट कागदावर राहिले. अंबरची नहर मात्र जमिनीखालून पुढे कित्येक पिढ्या शहराला पाणी देत राहिली.

त्या परंपरेतली पाणचक्की अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली. दूरच्या झऱ्याचे पाणी नळातून आणून ते उंचावरून हौदात सोडले जाई आणि त्याच पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरे. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ निघे. जिथे घरोघरी बायका पहाटेच्या अंधारात उठून जाते ओढत आणि तो शीण ओव्यांत सांगत, तिथे पाणी आपोआप दळते, हे दृश्य पाहून कित्येकींच्या मनात काय आले असेल? त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही. पण भविष्याच्या स्वप्नाला पारखायचा दगड इथेच सापडतो. त्या स्वप्नात पाणी कोण भरते? दळण कोण दळते?

अठराव्या शतकापर्यंत जगातली बहुतेक आदर्श राज्ये दूरच्या बेटांवर होती. 1771 साली फ्रान्सच्या लुई-सेबास्तियँ मर्सिएने ती पुढच्या काळात नेली. त्याचा नायक पॅरिसमध्ये झोपतो आणि 2440 साली जागा होतो. शहर तेच असते, काळ बदललेला. या एका युक्तीने सगळे पालटले. बेट असेल तर तिथे जावे लागते, आणि तिथली वाट कोणाला माहीत नसते. पण उद्या आपल्याच गल्लीत येणार असेल, तर तो आणायची जबाबदारीही आपलीच होते. भारतातही 1835 साली कलकत्त्याच्या एका पत्रात कैलासचंद्र दत्त या तरुणाने 1945 सालातल्या 48 तासांची कथा इंग्रजीत लिहिली. तिच्यात इंग्रजी सत्तेविरुद्धचा उठाव आहे.

मराठीत हे काम अंगावर घेतले ते एका ब्रह्मचारी बुवाने. विष्णू भिकाजी गोखले यांचा जन्म 1825 सालचा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचा. तरुणपणी जकात खात्यातली नोकरी सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि विष्णुबुवा ब्रह्मचारी होऊन परतले. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वाद झाले. ते ऐकायला गर्दी लोटे. वैदिक धर्माचा कडवा कैवारी म्हणून लोक त्यांना ओळखत. आणि याच माणसाने 1867 साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला.

निबंधातली मांडणी थक्क करणारी आहे. सगळी प्रजा म्हणजे एक कुटुंब आणि राजा त्या कुटुंबाचा कर्ता. जमीन कोणा एकाची नाही. सर्वांनी मिळून ती कसायची, पीक गावच्या कोठारात साठवायचे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने तिथून न्यायचे. कापडही तसेच, सर्वांसाठी तयार करायचे आणि सर्वांना द्यायचे. लग्ने स्त्री-पुरुषांच्या संमतीने जुळावीत. मुले पाच वर्षांची झाली की त्यांना वाढवण्याची, शिकवण्याची आणि ज्याचा जो कल असेल त्या कामाला लावण्याची जबाबदारी राज्याने घ्यावी. म्हाताऱ्यांना विसावा द्यावा. ज्या वर्षी हा निबंध निघाला, त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथांची कुळे वेगळी, वाटा वेगळ्या. मार्क्सने भांडवलाच्या चालीचा शास्त्रीय शोध घेतला. बुवांना एकत्र कुटुंबाचा वाडा दिसत होता आणि तो त्यांनी देशाएवढा केला. 1869 साली कॅप्टन फेल्प्स या अधिकाऱ्याने निबंधाचे इंग्रजी भाषांतर केले.

अमेरिकेच्या एडवर्ड बेलमीचे ‘लुकिंग बॅकवर्ड’ आले ते बुवांच्या निबंधानंतर 21 वर्षांनी, 1888 मध्ये. 2000 सालच्या बॉस्टनमध्ये सार्वजनिक कोठारातून सामान घेणारी, सार्वजनिक भोजनगृहात जेवणारी माणसे त्याने रंगवली, आणि त्या पुस्तकाने पाश्चात्त्य जगात खळबळ उडवली. मराठी बुवाचे कोठार त्याच्या आधीचे आहे, हे मराठी वाचकालाही आज फारसे माहीत नाही.

बुवांच्या राज्यात एक मोठी उणीव आहे आणि ती झाकू नये. तिथे सगळे राजाच्या भलेपणावर टांगलेले आहे. तो चुकला तर काय, याचे उत्तर नाही. पाच वर्षांचे मूल आईच्या कुशीतून राज्याच्या हाती जाते, तेव्हा त्या आईला कोणी विचारले का, याचेही नाही. सुखाचा सगळा हिशेब चोख आहे, पण ‘नको’ म्हणायची जागा त्यात ठेवायची राहून गेली.

ती जागा जोतीराव फुल्यांनी ठेवली. 1888 मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 साली छापले गेले. त्यात त्यांनी एक घर कल्पिले आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून, पटल्यास, तो धर्म घ्यावा. नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे आणि मुलाने सत्यधर्म स्वीकारावा. आणि या सर्वांनी एकाच छपराखाली, एकमेकांचा हेवा न करता, प्रेमाने राहावे. या घरात राजा नाही आणि प्रत्येकाने स्वतः वाचून ठरवले आहे. मुलीनेसुद्धा. विष्णुबुवांनी देशाचे कुटुंब केले. फुल्यांनी कुटुंबालाच मोकळा देश केले.

फुले स्वप्नाबरोबर सामानाची यादीही देत. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. त्यात सरकारने पलटणीच्या आणि पोलिसांच्या रिकाम्या मनुष्यबळाकडून डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात जिरवावे, जागोजाग तळी करावीत, असे त्यांनी सुचवले. आणि पाण्यावर फक्त लिहून ते थांबले नाहीत. 1868 साली, म्हणजे बुवांच्या निबंधानंतर वर्षभरात, त्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कागदावरचे आदर्श राज्य आणि अंगणातला हौद यांतले अंतर इथे एका दिवसात मिटले.

स्त्रियांनी पाहिलेला उद्या मराठी साहित्याच्या इतिहासात कोपऱ्यात राहिला. काशीबाई कानिटकर (1861–1948) लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. वाचायला त्या सासरी, आपल्या जिद्दीवर शिकल्या आणि पुढे कादंबरीकार झाल्या. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी 1928 ची. संस्थानच्या मतिमंद राजाशी एका तरुणीचे लग्न लावले जाते. पालखी मिळते, मान मिळतो, संसार मिळत नाही. पण तीच बाई राज्याचा कारभार हाती घेते आणि स्त्रियांच्या शिक्षणाची, हक्कांची घडी बसवत एक वेगळे संस्थान उभे करते. शोभेचा गोंडा बनवून बसवलेल्या बाईने पालखीची दिशाच बदलावी, ही कल्पना त्या पिढीतल्या शिकल्या-सवरलेल्या घरांनाही पेलणारी नव्हती.

बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा त्याच्या आधीची, 1905 साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आलेली. तिच्यातल्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्याआड असतात. तिथल्या एका महिला विद्यापीठाने नळ्या जोडलेला फुगा आकाशात सोडून ढगांतून पाणी काढायची युक्ती शोधली आहे. दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवली आहे आणि तिच्यावरच स्वयंपाक होतो. चुलीचा धूर नाही, कोळसा नाही. एका बाईने लिहिलेल्या भविष्यात पहिले दोन शोध पाणी आणि चूल यांचेच असावेत, याचे ज्याला नवल वाटेल त्याने कधी घागर उचललेली नसावी.

2015 च्या ऑगस्टमध्ये दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. त्याचे केंद्र मलिक अंबरने वसवलेल्या याच शहरात होते. इथून विमाने उडाली आणि ढगांत क्षार फवारून आली. रडारच्या पडद्यावर ढग शोधले जात असताना खाली लोक हंडे घेऊन टँकरची वाट पाहत होते. पुढच्या वर्षी, 2016 च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. रुकैयांच्या कथेतला फुगा 110 वर्षांनी मराठवाड्याच्या आकाशात आला, पण हंडा ज्याच्या डोक्यावर होता त्याच्याच डोक्यावर राहिला.

पाण्याचा दुसरा प्रश्न, कोणाचा हात लागायचा हा, या शहराच्या वेशीवर 1934 साली उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे 30 सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ही मंडळी दौलताबादला थांबली. किल्ल्याबाहेर हौद काठोकाठ भरलेला होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी त्यावर हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात ओरडा झाला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. ओरडणारे तिथले मुसलमान रहिवासी होते. विटाळाची कल्पना एका धर्माच्या हद्दीत राहत नाही, हे बाबासाहेबांनी या प्रसंगातून दाखवले. बऱ्याच बाचाबाचीनंतर त्यांना किल्ल्यात जाऊ दिले, ते आत कुठेही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीत त्यांनी हे सारे साध्या, थेट शब्दांत लिहून ठेवले आहे.

त्या हौदापासून थोड्या अंतरावर, 16 वर्षांनी, त्यांनी महाविद्यालय उघडले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे हे महाविद्यालय 1950 च्या जूनमध्ये सुरू झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन, महाविद्यालयाचे मिलिंद. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन, दोघेही ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातले.

त्याच ग्रंथात एक नगर आहे. नागसेन राजाला सांगतो की शहर नीट वसलेले दिसले, की ते वसवणाऱ्याला न पाहताही त्याचे कौशल्य कळते. मग तो बुद्धाने वसवलेल्या धम्मनगराची रचना उलगडतो. शील हा त्याचा तट, लाज हा खंदक, ज्ञान ही वेस, उद्योग हे बुरूज, आणि सावधपणा हा द्वारपाल. आत बाजारपेठा आहेत: फुलांची, सुगंधाची, फळांची, विषावरच्या उताऱ्यांची, औषधांची, अमृताची, रत्नांची, आणि सगळे काही मिळेल अशीही एक. ज्याला किल्ल्याच्या दारात पाण्यासाठी अडवले, त्याने आपल्या विद्यालयाला नाव दिले ते या ग्रंथातून. तिथे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पायी, उपाशी, एका कपड्यानिशी आलेली मुले शिकली. त्यांतून लेखक, कवी, शिक्षक, अधिकारी घडले. मराठीतल्या दलित साहित्याची एक मोठी पेठ या आवारात भरली.

तेव्हापासून हे शहर स्वप्ने आखतच आले आहे. पैठणला जायकवाडीचे धरण 1976 मध्ये देशाला अर्पण झाले. त्याच दशकात सिडकोने एन-एक, एन-दोन अशा क्रमाने नवे शहर आखले. आता शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ‘ऑरिक’ हे नियोजित औद्योगिक नगर उभे राहते आहे. वीज-पाण्याच्या वाहिन्या जमिनीखाली, रस्ते रुंद, नकाशा स्वच्छ. आणि जुन्या शहरात आजही नळाला काही दिवसांआड पाणी येते, पाण्याच्या दिवशी घरात निदान एक माणूस थांबून राहतो, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. नव्या नगराच्या आराखड्याकडे पाहताना अंबरची नहर, फुल्यांचा हौद आणि दौलताबादचा शिपाई हे तिन्ही डोळ्यांसमोर असले पाहिजेत. या विषयाकडे आज वळावे, याचे कारण हे आहे.

हा विषय वाचायला घेताना वाचकाने सनावळीच्या क्रमाने जायची गरज नाही. विष्णुबुवांचा निबंध फुल्यांच्या घराशेजारी ठेवून वाचावा. काशीबाईंची राणी रुकैयांच्या सुलतानाला भेटू द्यावी. ‘मिलिंदपञ्हा’तले नगर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचून झाल्यावर उघडावे. प्रत्येक लेखकाच्या राज्यात शिरताना कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, पाणी कोण भरते आणि मनाई करायला कोण उभा आहे, हे पाहून ठेवावे. जिथे लेखक याबद्दल गप्प बसला आहे, ती पाने दोनदा वाचावीत.

आणि शक्य असेल तर अजिंठ्याला एक फेरी मारावी. सतराव्या लेण्याच्या दारावरचे आठ जण पाहून झाले की बहुतेक लोक पुढच्या मोठ्या लेण्याकडे निघतात. मध्ये अठरावा क्रमांक लागतो. तिथे ना बुद्धमूर्ती आहे ना चित्र. दोन खांबांची छोटीशी ओसरी आहे, पाण्याच्या टाक्याजवळची. लेण्यांना आकडे देणाऱ्यांनी तिलाही एक आकडा दिला आहे.